मुकी झडप आणि उशिराची ठिणगी

गोव्याहून बेळगावला जाणारा चोर्ला घाटाचा रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे ठाऊक असेल की, केरी गाव मागे पडले की चढण लागते आणि मग वर पोहोचेपर्यंत मोटारीला उसंत अशी मिळत नाही. २०२३ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत आमची १९८४ सालची अँबॅसडर याच चढणीवर अडखळली. तिसऱ्या गिअरमध्ये ती ओढेना. दुसऱ्यात घातली तर पाण्याचा काटा वर चढू लागे. आणि मधूनच सायलेन्सरमध्ये फटाका फुटावा तसा आवाज होई. दोन वेळा थांबून, बॉनेट उघडून, इंजिन निववून आम्ही कसेबसे घाटमाथ्यावर आलो.

ही गाडी वडिलांची. हिच्यावर भाडी मारूनच त्यांनी आम्हां तिघां भावंडांची शिक्षणे केली. २०१९ साली ते गेले आणि तेव्हापासून गाडी कधी या गॅरेजात, तर कधी त्या गॅरेजात जात राहिली. बेळगावहून परतल्यावर जेथे ती दाखविली तेथील कारागिराने इंजिनाला हात न लावताच निकाल दिला : इंजिन संपले, बोअर करून नवे पिस्टन घाला, नाहीतर भंगारात द्या. खर्चाचा आकडा ऐकून आईने दुसरा मार्ग जवळजवळ पत्करलाच होता. तेवढ्यात वडिलांच्या वेळचे, आता काम सोडून घरी बसलेले एक मेस्त आम्हांला आठवले. (आमच्या कोकणीत कसबी कारागिराला मेस्त म्हणतात, हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला.) त्यांनी दोन दिवस आमच्या अंगणात बसून जे केले ते पाहताना मी, कला शाखेची पदवीधर व मराठी-इतिहासाची शिक्षिका, हाती वही घेऊन शेजारी उभी होते. प्रस्तुत लेख त्या वहीतून उतरला आहे. शास्त्राच्या शिक्षकांनी उणेअधिक सांभाळून घ्यावे.

प्रथम इंजिनाची ओळख करून घेऊ. निकोलाउस ओटो या जर्मन गृहस्थाने १८७६ साली चार धावांचे इंजिन चालवून दाखविले. आजही पेट्रोलच्या बहुतेक मोटारी त्याच चार धावांवर चालतात. पिस्टन खाली येतो तेव्हा पेट्रोल व हवा यांचे मिश्रण आत ओढले जाते. वर जातो तेव्हा ते दाबले जाते. मग ठिणगी पडून मिश्रण पेटते व पिस्टन जोराने खाली ढकलला जातो. आणि पुन्हा वर जाताना जळका वायू बाहेर लोटला जातो. या चार धावांत मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, दोन फेरे घेतो. मिश्रण आत घेण्यास एक झडप आणि धूर बाहेर सोडण्यास दुसरी, अशा आमच्या इंजिनासारख्या जुन्या इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला दोन झडपा असतात. अँबॅसडरच्या १४८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनात सिलिंडर चार, म्हणून झडपा आठ.

या झडपा उघडण्याची व्यवस्था मोठी मौजेची आहे. इंजिनाच्या कुशीत कॅमशाफ्ट नावाचा दांडा असतो. त्याच्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात आणि तो क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. उंचवटा वर आला की तो टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरच्या एका टोकाला; आणि लहान मुलांच्या सी-सॉप्रमाणे रॉकरचे दुसरे टोक खाली येऊन झडपेला दाबते. उंचवटा सरला की स्प्रिंग झडपेला पुन्हा तिच्या बैठकीवर घट्ट बसविते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर प्रत्येक झडप एका सेकंदात पंचवीस वेळा उघडते आणि पंचवीस वेळा मिटते.

रॉकरचे टोक व झडपेचा दांडा यांच्यामध्ये, झडप मिटलेली असताना, मुद्दाम थोडी फट ठेवलेली असते. ती किती, हे गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. आमच्या इंजिनाला ती १५ थाउ, म्हणजे इंचाचे पंधरा सहस्रांश, सुमारे ०.३८ मिलिमीटर. एवढीशी फट, पण आमच्या गाडीचे सारे दुखणे या फटीतूनच सुरू झाले होते.

फट ठेवण्याचे कारण उष्णता. लोखंड तापले की वाढते, हे आपण सातवी-आठवीतच शिकतो. झडपेचा दांडा तापून लांब झाला आणि वाढण्यास जागाच नसली तर रॉकर तिला खाली दाबून धरणार, म्हणजे मिटावयाच्या वेळीही ती पुरती मिटणार नाही. यात धुराची झडप अधिक संकटात असते. तिच्या अंगावरून पेटता वायू जातो आणि तिच्याजवळची उष्णता बहुतांशी एकाच वाटेने निघून जाते : मिटलेली असताना ती ज्या बैठकीला टेकते त्या बैठकीतून. बैठकीला टेकणेच थांबले तर झडप निवणार कशी? तिची कड जळू लागते. जळलेल्या जागेतून अधिक वायू निसटतो. त्याने ती अधिक जळते.

उलटपक्षी, फट जास्त झाली तर रॉकर झडपेवर आपटून टकटक आवाज होतो, झडप थोडी उशिरा आणि थोडी कमी उघडते, रॉकर झिजतो. हे वाईटच, परंतु यातून झडप जळत नाही. आणि येथेच पुष्कळ मोटारमालक फसतात. टकटक ऐकू आली की त्यांना वाटते गाडी बिघडली. गॅरेजवाल्याला सांगतात, ‘आवाज बंद करा.’ तो बिचारा टॅपेट कसून देतो. गाडी शिवणयंत्रासारखी चालू लागते, मालक प्रसन्न होतो. आमच्या घरी नेमके हेच झाले होते. चोर्ला घाटाच्या चार महिने आधी मीच हा आवाज बंद करून घेतला होता आणि वर त्या माणसाला चहाला पैसेही दिले होते! मेस्तांना हे सांगितले तेव्हा ते हसले नाहीत. एवढेच म्हणाले, “बाई, बोलक्या झडपेची काळजी करू नका. मुकी झाली की मला बोलवा.”

आता ठिणगीकडे वळू. बॅटरीचा दाब १२ व्होल्टचा; त्याने प्लगच्या टोकांमधील अंतर ओलांडून ठिणगी पडणे शक्य नाही. म्हणून कॉइल असते. तिच्यात जाड तारेचे थोडे वेढे व बारीक तारेचे हजारो वेढे एकाच गाभ्यावर असतात. जाड तारेतील प्रवाह एकदम तोडला की बारीक तारेत हजारो व्होल्टचा दाब क्षणमात्र उत्पन्न होतो. १८३१ साली फॅरडेने विजेविषयी जे दाखविले त्याचाच हा रोजच्या वापरातला उपयोग. प्रवाह तोडण्याचे काम डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट करतात. ते मिटलेले असताना प्रवाह वाहतो. उघडले की त्याच क्षणी ठिणगी. त्याच डिस्ट्रिब्युटरच्या माथ्यावरील रोटर ती ठिणगी पाळीपाळीने चार प्लगांना वाटून देतो. पाळीचा क्रम १-३-४-२ असा असतो.

ठिणगी पडावी केव्हा? पिस्टन अगदी वर पोहोचला की, असे कोणीही सांगेल. मीही तसेच सांगितले असते. परंतु मिश्रण बंदुकीच्या दारूसारखे एकदम उडत नाही, ज्योत पसरण्यास वेळ लागतो. समजा, त्याला एका सेकंदाचा पाचशेवा भाग लागला. इंजिन मिनिटाला ६०० फेरे घेत असेल तर तेवढ्या वेळात क्रँकशाफ्ट जेमतेम ७ अंश फिरेल; पण ३००० फेरे घेत असेल तर ३६ अंश फिरून जाईल. म्हणून ठिणगी पिस्टन माथ्यावर येण्याच्या थोडी आधी द्यावी लागते आणि वेग वाढेल तशी अधिक आधी. हे वेळेचे गणित डिस्ट्रिब्युटर स्वतःच करतो : त्याच्या पोटात दोन लहान वजने असतात, ती वेगाबरोबर बाहेर फेकली जाऊन पॉइंट लवकर उघडवितात, आणि बाजूला एक पडदा असतो, तो इंजिनातील शोषणाने ओढला जाऊन हलक्या चालीत आणखी थोडी भर घालतो.

ठिणगी फार आधी पडली तर वर येणाऱ्या पिस्टनलाच धक्का बसतो. चढावर इंजिनातून खड्यांची डबी हलविल्यासारखा खळखळ आवाज येतो आणि हँडल मारणाऱ्याचे मनगट मोडण्याचीही भीती असते. (म्हणूनच जुने लोक हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवीत.) ठिणगी उशिरा पडली तर आवाज होत नाही, पण गाडी मंद होते, पेट्रोल अधिक खाते, तापते. कारण मिश्रणाचे जळणे लांबते आणि धुराची झडप उघडते तेव्हाही ते चालूच असते. म्हणजे उशिराची ठिणगी त्याच बिचाऱ्या झडपेला भाजून काढते. झडपेचा दोष आणि ठिणगीचा दोष असे एकमेकांस साहाय्य करतात, आणि लक्षणेही सारखीच दाखवितात : शक्ती नाही, उष्णता फार, सायलेन्सरमध्ये फटाके. मग दोष कोणाचा, हे ओळखावे कसे?

मेस्तांनी याची जी युक्ती सांगितली ती मला फार आवडली. ठिणगीची वेळ ठरविणारे यंत्र एकच आहे. ते चुकले तर चारही सिलिंडरांवर सारखाच अन्याय होतो. झडप मात्र ज्याची त्याची. ती बिघडली तर एकाच घरात आजार दिसतो. म्हणून पहिला प्रश्न असा : चारही आजारी आहेत की एकच?

त्यांनी इंजिन हळू चालू ठेवले आणि रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची वायर काढून पाहिली. (विद्यार्थ्यांनी हा प्रयोग करू नये; हजारो व्होल्टचा झटका लहान नसतो.) पहिल्या तीन वायरी काढताना प्रत्येक वेळी इंजिन लंगडले. चौथी काढली, तर काहीच फरक नाही! म्हणजे चौथा सिलिंडर मुळातच काम करीत नव्हता. त्याचा प्लग बदलून पाहिला, वायर बदलून पाहिली. ठिणगी खणखणीत होती. मग सर्व प्लग काढून दाब मोजण्याचे घड्याळ लावले. पहिल्या तिघांचे आकडे १२०, ११८, १२२ पौंड; चौथ्याचा ६५.

गॅरेजवाल्याचे म्हणणे खरे असते, पिस्टनच्या रिंगा गेलेल्या असत्या, तर येथून पुढे खर्चाचाच रस्ता होता. परंतु दाब दोन वाटांनी निसटू शकतो : खाली रिंगांतून किंवा वर झडपांतून. मेस्तांनी चौथ्या सिलिंडरात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडले आणि पुन्हा दाब मोजला. तेलाने रिंगांभोवतीच्या फटी काही क्षण बुजतात, म्हणून दोष तेथे असेल तर आकडा चढतो. आकडा ६५ वरच राहिला. मी वहीत लिहिले : ‘रिंगा निर्दोष.’ एखाद्या खटल्यात आरोपी सुटावा तसे वाटले.

त्यानंतर वरचे झाकण काढले. झडपांना रेडिएटरकडून १ ते ८ असे आकडे देतात. फट तपासावयाची तर झडप पुरती मिटलेली हवी आणि तिच्या कॅमचा उंचवटा अगदी पलीकडे हवा. तो तर इंजिनाच्या पोटात, दिसत नाही. तेथे नवाचा नियम कामी येतो. पहिला व चौथा सिलिंडर यांच्या धावांत क्रँकशाफ्टच्या बरोबर एका फेऱ्याचे, म्हणजे कॅमशाफ्टच्या अर्ध्या फेऱ्याचे अंतर असते, दुसऱ्या-तिसऱ्याचेही तसेच. म्हणून आठवी झडप पूर्ण दाबलेली असेल तेव्हा पहिलीची फट पाहावी, सातवी दाबलेली तेव्हा दुसरीची, सहावी तेव्हा तिसरीची. दोन्ही आकड्यांची बेरीज नेहमी नऊ. हा नियम अशा मांडणीच्या इंजिनांपुरता आहे, सर्वत्र लावू नये. फट थंड इंजिनावर मोजावयाची की गरम, हेही पुस्तकात पाहून ठरवावे.

पहिली झडप उघडी ठेवून आठवीत फीलर गेजची पाती घालून पाहिली. १५ थाउची गेली नाही, १० ची नाही, सर्वांत पातळ पातीदेखील शिरेना. आठवी म्हणजे चौथ्या सिलिंडरची धुराची झडप. बाकीच्यांतही फट कमीच होती, पण होती. एक सावधगिरी मेस्तांनी सांगितली : झिजलेल्या रॉकरच्या टोकाला खळगा पडतो, सपाट पाती खळग्याच्या कडांवर टेकते आणि खरी फट दाखवीत नाही. आमचे रॉकर झिजलेले नव्हते.

अशा जुन्या इंजिनांना आणखी एक गोष्ट बाधते. १ फेब्रुवारी २००० पासून आपल्या देशात शिसेविरहित पेट्रोलच विकले जाते. शिशामुळे माणसांच्या, विशेषतः मुलांच्या आरोग्याची हानी होत होती, तेव्हा ते गेले हे उत्तमच झाले. परंतु त्याचा पातळ थर झडपांच्या बैठकी राखीत असे. नरम ओतीव लोखंडाच्या बैठकी आता हळूहळू झिजतात, झडप वर सरकते आणि फट आपोआप कमी होत जाते. त्यामुळे टॅपेट कोणी कसला नाही तरी तो तपासत राहावाच लागतो.

फट बरोबर केल्यावर चौथ्याचा दाब पुन्हा मोजला. ६५ चे ९० झाले, पण पुढे जाईना. म्हणजे झडपेची कड थोडी जळली होती. हेड उतरावे लागले. एक झडप नवी घातली, बाकीच्या बैठकींवर घासून बसविल्या, गॅस्केट बदलले. बोअर करण्याच्या खर्चाच्या तुलनेत हा खर्च फारच थोडा होता.

दुसऱ्या दिवशी ठिणगीची पाळी. हा क्रम महत्त्वाचा आहे : आधी झडपा, मग पॉइंटची फट, मग टायमिंग, आणि कार्ब्युरेटरला हात शेवटी. पॉइंटची फट बदलली की टायमिंग बदलते. म्हणून उलट क्रमाने केलेले काम पुन्हा करावे लागते. पॉइंटला कॅमवर घासणारी एक लहानशी टाच असते. ती झिजली की फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगी मागे पडत जाते. हे इतके सावकाश घडते की चालविणाऱ्याला कळतच नाही. पंधरा थाउची असावयाची आमची ही फट निम्मीही उरली नव्हती. मेस्तांनी नवे पॉइंट व नवा कंडेन्सर बसविला, फट केली, आणि पडद्याच्या नळीला तोंड लावून हवा ओढून पाहिली. पडदा फाटलेला नव्हता.

मग हँडलने इंजिन फिरवून पुलीवरची खाच खुणेच्या काट्यासमोर आणली. येथे एक फसगत होते. एका चक्रात क्रँकशाफ्टचे दोन फेरे, म्हणून खूण दोनदा समोर येते : एकदा पहिल्या सिलिंडरात दाब असताना, एकदा धूर निघून जाताना. चुकीच्या वेळी डिस्ट्रिब्युटर बसविला तर ठिणगी पूर्ण एका फेऱ्याने चुकते आणि इंजिन चालू न होता कार्ब्युरेटरमधून फुरफुरते. खूण समोर असताना चौथ्या सिलिंडरच्या दोन्ही झडपा किंचित हलत असतील तर पहिला दाबावर आहे असे समजावे.

पुढचे काम बारा व्होल्टच्या एका लहान दिव्याने झाले. त्याची एक वायर डिस्ट्रिब्युटरच्या बारीक तारेच्या टोकाला, दुसरी इंजिनाच्या लोखंडाला. किल्ली फिरविली, पॉइंट मिटलेले, दिवा बंद. डिस्ट्रिब्युटरचा पट्टा सैल करून मेस्तांनी तो रोटरच्या दिशेच्या उलट अगदी हळू फिरविला. पॉइंट उघडले त्या क्षणी दिवा लागला; तेथेच पट्टा आवळला. अंगणातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात तो इवलासा दिवा लागताना पाहून आईने विचारले, “झाले का?” तिला वाटले, एवढ्यासाठी दोन दिवस!

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा चोर्ल्याला गेलो. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये वर चढली, पाण्याचा काटा मध्यावर राहिला. थांबलो तेव्हा बॉनेटखालून हलकी टकटक ऐकू येत होती. घासून बसविलेल्या झडपा बैठकींत थोड्या रुततात, म्हणून ८०० किलोमीटरनंतर फटी पुन्हा पाहावयास मेस्तांनी बजावले होते. त्याप्रमाणे पाहिल्या. आठवी दोन थाउने कमी झाली होती. ती त्यांनी माझ्याच हाताने नीट करविली.